पडद्यामागचे हात – भाग ७ : हरवलेला चुडा

मागच्या आठवड्यात आपण रोटोस्कोपी पाहिली. फ्रेममागून फ्रेम आकृतीभोवती रेषा ओढत बसायचं ते चिवट काम. आता त्या रेषेच्या आतलं चित्र उचलायचं आणि दुसऱ्या चित्रावर असं बसवायचं, की दोन्ही एकाच कॅमेऱ्याने एकाच वेळी टिपली आहेत असं वाटावं. हे कंपोझिटिंग. एका विद्यार्थिनीच्या सरावाच्या शॉटवरून ते समजून घेऊ, कारण तिच्या हातून झालेल्या चुका जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होतात.

ती पुण्यात व्हीएफएक्स, म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्स, शिकते आणि तिला कंपोझिटरच व्हायचं आहे. तिने गच्चीवर हिरवं कापड ताणून बांधलं आणि नुकतंच लग्न झालेल्या मावसबहिणीला त्यापुढे उभं केलं. बहीण हात वर करून केस बांधते, एवढाच पाच सेकंदांचा शॉट. मागे कोकणातला समुद्र लावायचा होता. तिने हिरवा रंग काढला, म्हणजे आमच्या बोलीत शॉट ‘की’ केला, आणि बहिणीच्या मनगटांतून लाटा दिसायला लागल्या. हातात लग्नाचा हिरवा चुडा होता. कापडाबरोबर तोही गेला.

“सर, रंग काढायला दुसरा कुठला कीअर वापरू?” असं विचारत ती लॅपटॉप घेऊन आली.

कीअर बदलून काही होणार नव्हतं. संगणकाला बांगडी कळत नाही, रंग कळतो. हिरवं कापड वापरतात त्याला कारण आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार बिंदूंमध्ये दोन हिरव्याचे, एक लालचा आणि एक निळ्याचा असतो, त्यामुळे हिरव्यात तपशील जास्त मिळतो. शिवाय माणसाच्या त्वचेच्या रंगापासून हिरवा बराच लांबचा. पण आपल्याकडे हिरवा चुडा, हिरवा शालू पदोपदी भेटतो. अशा वेळी कापड निळं लावायचं. शूटिंगच्या आधी कपडे-दागिने बघून हे सांगणं हासुद्धा कंपोझिटरच्याच कामाचा भाग आहे. आता शॉट झालाच होता, म्हणून बांगड्यांचा वेगळा रोटो करून तो भाग मॅटमध्ये, म्हणजे चित्राचा कुठला भाग ठेवायचा ते सांगणाऱ्या काळ्या-पांढऱ्या साच्यात, परत भरणं एवढाच मार्ग उरला. सेकंदाला २४ प्रमाणे १२० फ्रेम. तिने तो आठवडाभर बसून केला.

पार्श्वभूमीच्या रंगाची वस्तू नाहीशी होते, या ज्या गोष्टीमुळे ती रडकुंडीला आली, त्याच गोष्टीवर हिंदी सिनेमातल्या ट्रिक दृश्यांचे कसबी बाबूभाई मिस्त्री यांनी नाव कमावलं होतं. १९३७च्या ‘ख्वाब की दुनिया’त त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यांनी वस्तू हलवल्या. दोरे दिसलेच नाहीत, वस्तू आपोआप चालल्या. त्यावरून लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. तिला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

बांगड्या परत आल्या, पण केसांभोवती काळी रेघ उरली, काजळाने गिरवल्यासारखी. ती घालवायला तिने मॅटची कड आत सरकवली. रेघ गेली, पण सुटे केसही कापले गेले आणि बहिणीने टोप घातल्यासारखं दिसू लागलं. इथे थोडं गणित करावं लागतं आणि ते टाळून चालत नाही.

प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांसोबत चौथा आकडा असतो, अल्फा. १ म्हणजे वरच्या चित्राने ती जागा पूर्ण झाकली आहे, ० म्हणजे तिथे काहीच नाही. केसाच्या टोकाशी तो ०.३ असू शकतो. एकावर एक चित्र ठेवण्याचा नियम लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली एका निबंधात मांडला: वरचं चित्र, अधिक खालचं चित्र गुणिले (१ वजा अल्फा). म्हणजे त्या टोकाशी समुद्राचा ०.७ वाटा येणार. मात्र वरचं चित्र आधीच अल्फाने गुणलेलं हवं. उन्हात चमकणाऱ्या केसाचा रंग १ असेल, तर गुणून ०.३ होतो. तिच्या कीअरने हे गुणून दिलं होतं, आणि तिने पुढे आणखी एक प्रीमल्ट नोड, म्हणजे अल्फाने गुणणारी पायरी, लावला होता. ०.३ला पुन्हा ०.३ने गुणलं की ०.०९. काळी रेघ आली ती इथून. तो एक नोड काढला आणि केस परत मिळाले. रंग बदलायचा असेल तरी आधी अनप्रीमल्ट (अल्फाने भागणं), मग रंगकाम, मग प्रीमल्ट. हा क्रम हातात बसेपर्यंत दुसरं काही शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही बहीण समुद्रापुढे चिकटवल्यासारखीच दिसत होती. मी तिला फक्त निळा चॅनल, म्हणजे तीन रंगांपैकी एकट्या निळ्याचे आकडे, बघायला सांगितला. कोकणातल्या दमट दुपारी खडकांच्या सावल्याही पुऱ्या काळ्या नव्हत्या, त्यांत निळसर राखाडी मिसळलेला होता. केस मात्र डांबरासारखे. रंगीत चित्रात डोळा हे माफ करतो, एकेक चॅनल काळ्या-पांढऱ्यात पाहिला की फरक उघडा पडतो. तेव्हापासून ती रोज एक फोटो काढते आणि त्यातल्या सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागेचे तीन-तीन आकडे वहीत लिहिते.

या धंद्याची दुसरी बाजूही मी तिच्यापासून लपवलेली नाही. ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, ते काम करणाऱ्या रिदम अँड ह्यूज कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच धंद्यातली टेक्निकलर कंपनी कोसळली आणि तिच्या भारतातल्या कलाकारांचीही कामं गेली. नव्या मुलांना सहसा पहिलं काम रोटोचं मिळतं, आणि त्यातला सोपा भाग आता मशीन लर्निंग करू लागलं आहे. केसांची कड, सावलीतला काळा रंग तपासायला मात्र आजही माणूस बसतो. म्हणून तयारी तिथलीच करावी.

मुलांना आणि पालकांना एक कळकळीची विनंती. मोठी फी भरण्याआधी ब्लेंडर किंवा न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरची बिगरव्यावसायिक आवृत्ती घरी उतरवून घ्या. पहिली पूर्ण मोफत आहे, दुसरीही काही मर्यादांसह फुकट मिळते. महिनाभर एकच शॉट करून बघा. मग संस्थेत जाऊन तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या शॉटचे ब्रेकडाउन, म्हणजे शॉट थराथराने कसा बनला ते, दाखवायला सांगा, आणि केसांच्या कडा बघा.

पुढच्या भागात शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाची चित्रफीत.