रोहिडखोऱ्याचा वकील आणि लंडनचें लोकमत

परदेशीं गेलेल्या माणसास एक गोष्ट लवकरच उमगते. तेथील लोकांना त्याच्या देशाची माहिती थोडी असली, तरी त्याविषयींचें मत ठाम असतें. आणि तें मत बहुधा त्यांच्या स्वतःच्या व्यापारांतून, भीतींतून व घरच्या वादांतून बनलेलें असतें. महाराष्ट्राच्या इतिहासांत याचें ठळक उदाहरण म्हणजे सातारकर छत्रपति प्रतापसिंह यांचे लंडनमधील वकील रंगो बापूजी गुप्ते.

भोरजवळच्या रोहिडखोऱ्यांतील देशपांडे दादाजी नरसप्रभु यांच्या वंशांतले हे गृहस्थ. याच डोंगरी मुलखांत, शेजारच्या वेल्हे भागांत, राजगड व तोरणा हे किल्ले उभे आहेत. परक्यांची दृष्टि कशी बदलते, याचा एक जुना पुरावा राजगडाशींच निगडित आहे. १६६४ मध्यें शिवाजी महाराज राजगडाहून निघून सुरतेवर गेले, तेव्हां तेथील इंग्रज वखारवाल्यांच्या लेखीं ते केवळ बंडखोर व लुटारू होते. पुढें दहाच वर्षांनीं, १६७४ मध्यें, त्याच कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन रायगडावर राज्याभिषेकास हजर झाला. महाराज तेच होते; कंपनीची व्यापाराची गरज मात्र बदलली होती.

रंगो बापूजींच्या वेळीं प्रश्न अधिक बिकट होता. पेशवाई बुडाल्यावर १८१९ च्या तहानें कंपनीनें प्रतापसिंहांना सातारचें राज्य दिलें. त्या व्यवस्थेंत भोरचे पंतसचिव सातारचे जहागीरदार ठरले. प्रतापसिंहांनीं शाळा काढली, छापखाना घातला, रस्ते बांधले. त्यांच्या कारभारावर खूष होऊन कंपनीच्या डायरेक्टरांनीं १८३५ मध्यें त्यांच्यासाठीं गौरवाचें पत्र व एक तलवार पाठविली. पण मुंबई सरकारनें तें पत्र अडवून ठेवलें. मग गोव्याच्या पोर्तुगीजांशीं कारस्थान केल्याचा व कंपनीचे देशी शिपाई फितविल्याचा आरोप त्यांच्यावर आला. उघड चौकशी झाली नाहीं. कबुलीजबाबावर सही केल्यास गादी राहील, असें गव्हर्नर कार्नॅक यानें सांगितलें. महाराजांनीं ती नाकारली. सप्टेंबर १८३९ मध्यें त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यांत आलें.

त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथेंच राहिले. लेडनहॉल रस्त्यावरील इंडिया हाउसमध्यें कंपनीच्या भागीदारांची सभा भरे. त्या सभेंत सातारचें प्रकरण वर्षानुवर्षें गाजत राहिलें. तेथें एकाच सातारचीं निरनिराळीं चित्रें दिसत. बहुसंख्य डायरेक्टरांना त्यांत आपल्या अधिकाराचा प्रश्न दिसे. गव्हर्नर चुकला असें एकदां मान्य केलें, तर हिंदुस्थानांत कंपनीचा दरारा राहणार नाहीं, ही त्यांची धास्ती. पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम हे सरकारी खर्चावर कडक नजर ठेवणारे. त्यांना येथें बेजबाबदार कारभार दिसला, आणि १८४७ मध्यें त्यांनीं हा प्रश्न पार्लमेंटांत नेला. गुलामगिरीविरुद्ध गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्पसन यांना येथें आणखी एक जुलूम दिसला. सातारा ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता, ते जनरल ब्रिग्ज व जनरल लॉडविक हे माजी रेसिडेंट महाराजांच्या बाजूनें उभे राहिले. यांपैकीं लॉडविक हे तर १८३६ च्या गुप्त चौकशीमंडळांत स्वतः बसलेले होते.

रंगो बापूजींनीं ही नाडी ओळखली होती. स्वराज्याच्या पूर्ववैभवाची कथा लंडनला हालविणारी नव्हती. म्हणून तह मोडला, आरोपीस बोलूं दिलें नाहीं, साक्षी तपासूं दिल्या नाहींत, हे इंग्रजी न्यायाच्या भाषेंतले मुद्दे पुढें ठेवण्यांत आले. त्यामुळें मित्र मिळाले. परंतु या मार्गाची एक किंमत होती. वाद इंग्रजांच्या अब्रूविषयींचा झाला; सातारच्या प्रजेला काय हवें, हा प्रश्न त्या सभेंत बाजूसच राहिला. शिवाय सहानुभूति भाषणांत होती, बहुमत डायरेक्टरांकडे होतें.

१८४७ मध्यें प्रतापसिंह काशीस निवर्तले. १८४८ मध्यें त्यांचे भाऊ शहाजी वारले, तेव्हां डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क व डायरेक्टर टकर यांचा विरोधही व्यर्थ गेला. भोरचे पंतसचिव आतां थेट कंपनीच्या छायेखालीं आले. तें संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. रंगो बापूजी रिकाम्या हातांनीं परतले. १८५७ मध्यें सातारच्या उठावाच्या कटांत त्यांचें नांव पुढें आलें. त्यांचा मुलगा सीताराम यास देहदंड झाला. ते स्वतः मात्र कंपनीच्या हातीं लागले नाहींत.

म्हणून लंडनमधील या वर्षांना केवळ अपयश म्हणतां येत नाहीं. परक्या देशांत आपल्याविषयीं ममता वाटणारे लोक असतात, आणि त्यांतले कांहीं प्रामाणिकही असतात. पण ते आपल्या देशाकडे पाहतात तें त्यांच्या घराच्या खिडकींतून. परदेशीं बोलणाऱ्यानें ती खिडकी ओळखावी, तिच्यांतून जेवढें दाखवितां येईल तेवढें दाखवावें, आणि तिच्यांतून सबंध देश दिसतो असें मात्र स्वतः कधीं समजूं नये.