सावलीतली अबोली

बीड जिल्ह्यात सावलीची थोरवी कोणाला सांगावी लागत नाही. पण फुलझाडांच्या हौशी माणसाला हीच सावली कधी कधी नडते. आमच्या अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत शेजारी तीनमजली इमारत उठली आणि परसातले ऊन सकाळच्या दोन तासांवर आले. मोगरा रुसला. दिवसभर तापल्याखेरीज तो कळ्या धरत नाही. देवाच्या तबकातली फुले बाजारातून येऊ लागली, तेव्हा आई म्हणाली, "अबोली लाव रे. तिला वास नसतो, तसा रुसवाही नसतो."

अबोली मुळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडची. झाडांच्या विरळ सावलीत ती खुशाल वाढते. अगदी काळोखात मात्र नुसती पानेच येतात. सकाळचे कोवळे ऊन हवेच. तिचे खरे वैर साचलेल्या पाण्याशी. आपली काळी माती ओल धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून तिच्यात पोयटा, थोडी वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. झाड पिवळे पडून खुरटले, तर उपटून मुळे पाहावीत. गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा उपद्रव समजावा. त्या जागी एक हंगाम झेंडू लावणे बरे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दिवसांत फुलझाडाला तांब्याभर पाणी घालतानाही हात आखडतो. आमच्या घरी तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी बादलीत साठवून एक दिवसाआड संध्याकाळी बुंध्याशी ओतीत, वर पाचोळ्याचे आच्छादन. आईने त्यावर तीन झाडे जगविली. (चौथे शेळीने खाल्ले, त्यात दुष्काळाचा दोष नाही.)

फुले तुऱ्यावर खालून वर उमलत जातात. सगळी संपली की तुरा खुडावा, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात. खुडलेले फूल दोन-तीन दिवस टिकते, म्हणून गजऱ्यात तिला मान.

'दिल्ली' नावाची जात बी धरीत नाही. ती पावसाळ्यात फांदी खोचूनच लावावी. साध्या अबोलीच्या वाळक्या शेंगा मात्र मुलांच्या हाती द्याव्यात. पाणी लागताच त्या तडकतात आणि बी दूर उडते. पावसाळ्यात फरशीच्या फटींतून रोपे वर येतात. चार-सहा पानांची झाली की अलगद उचलून हात-हात अंतरावर लावावीत.