सबवूफरची पेटी : माप चोख, तर धंदा चोख

गाड्यांच्या सजावटीच्या धंद्यात सबवूफरची पेटी हे सुतारकाम जाणणाऱ्या कारागिराला चार पैसे मिळवून देणारे काम आहे. मात्र अंदाजाने ठोकलेल्या पेटीत गिऱ्हाइकाचा महागडा स्पीकर जातो आणि तंटा दुकानात येतो.

पोर्टची पेटी म्हणजे तोंडाशी फुंकर मारलेली बाटली. पेटीतली व नळीतली हवा मिळून एका ठरावीक सुरावर घुमते. याचे गणित ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडले.

उदाहरण घ्या. बाहेरून ४५ × ४५ × ३६ सें.मी. पेटी सुमारे ७३ लिटरची दिसते. १८ मि.मी. एमडीएफची जाडी वजा करता आत ५५.५ लिटरच उरतात. नळीचे ३ व स्पीकरचे अडीच लिटर गेले की हाती ५०. यात १० सें.मी. आतील व्यासाची नळी ३१ सें.मी. लांब ठेवली, तर पेटी ३५ हर्ट्झवर लागते. तीच नळी ४० लिटरमध्ये बसवली, तर ३९ हर्ट्झवर.

या सुराखाली पेटीतली हवा पडद्याला आवरत नाही. तो बेफाम हलून फाटतो. म्हणून ॲम्प्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर लावायला गिऱ्हाइकाला अवश्य सांगावे. सांधे हवाबंद करावेत. नळीचे आतले तोंड मागच्या फळीपासून निदान १० सें.मी. दूर असावे.

माप पुरे भरून द्यावे, ही आपल्या दीनची शिकवण. ती लिटरलाही लागू आहे.