संख्यागूढवाद
संख्यांना गूढ आध्यात्मिक अर्थ असतो, असे मानणारी विचारपद्धती. हिब्रू लिपीतील २२ अक्षरे अंकचिन्हे म्हणूनही वापरली जात. त्यामुळे प्रत्येक शब्दास संख्यामूल्य लाभते. कब्बाला या ज्यू गूढविद्येत समान मूल्याच्या शब्दांचा परस्परसंबंध लावतात. या रीतीस ‘गेमॅट्रिया’ म्हणतात. उदा., ‘एहाद’ (एक) व ‘अहावा’ (प्रेम) यांचे मूल्य प्रत्येकी १३. त्यांची बेरीज २६ ही ईश्वराच्या चतुरक्षरी नामाची संख्या होय. प्रबोधनकाळात पीको देल्ला मीरांदोला व आग्रिप्पा यांनी ही विद्या ख्रिस्ती विचारात आणली. पुढे १९ व्या शतकात एलीफास लेव्ही याने २२ अक्षरांची टॅरोच्या २२ प्रमुख पत्त्यांशी सांगड घातली.

थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक १८७९ मध्ये मुंबईस आले. तिचे सदस्य झालेले पुण्याचे बगदादी ज्यू ए. डी. एझिकिएल यांनी १८८० च्या दशकात झोहर या कब्बालाच्या प्रमुख ग्रंथातील एका भागाचा अरबी अनुवाद हिब्रू लिपीत प्रसिद्ध केला. ही गुप्तविद्या सर्वांपुढे उघड करण्यास बगदादच्या धर्मगुरूंनी विरोध केला.

समान बेरीज हा अर्थसंबंधाचा पुरावा ठरत नाही. तथापि मूळ परंपरेत गेमॅट्रिया ही मुख्यत्वे धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याची रीत होय. अंकांवरून भविष्य सांगण्याची आधुनिक पद्धती तिच्याहून भिन्न आहे.