रानात विमान उतरलं तर...

या पानावर तुम्ही उसाची लागण, खोडकीड, ठिबकचे फिल्टर असे विषय वाचता. आज विषय विमानाचा आहे. ‘विमानाचं आणि आमचं काय देणंघेणं?’ असं कुणी म्हणेल. पण बारामती, इंदापूर, शिरपूर, गोंदिया या भागातला वाचक तसं म्हणणार नाही. त्याच्या डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घिरट्या घालत असतात. आणि छोटं विमान हवेत बिघडलं की दर वेळी ते धावपट्टीपर्यंत पोचतंच असं नाही. अनेकदा ते कुणाच्या तरी रानात येतं.

घडलेल्या गोष्टी पाहा. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीच्या कार्व्हर एव्हिएशन या प्रशिक्षण संस्थेचं सेस्ना १५२ जातीचं विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात कोसळलं. आत बावीस वर्षांची शिकाऊ वैमानिक एकटीच होती. तिला किरकोळ दुखापत झाली, जीव वाचला. पुढच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर २०२३ रोजी, बारामती तालुक्यात कटफळजवळ रेडबर्ड या संस्थेचं विमान पडलं. तीनच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, त्याच संस्थेचं दुसरं विमान गोजुबावीजवळ पडलं. दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही. त्यानंतर डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, त्या संस्थेची प्रशिक्षण उड्डाणं काही काळ थांबवली होती.

सगळीकडे नशीब असं साथ देत नाही. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डीजवळ, सातपुड्याच्या कुशीत, शिरपूरच्या विमान प्रशिक्षण संस्थेचं विमान पडलं. प्रशिक्षक जागीच गेले. शिकाऊ वैमानिक मुलगी जबर जखमी झाली. तिथे ना रस्ता, ना ॲम्ब्युलन्स. आदिवासी बंधू-भगिनींनी साडीची झोळी केली आणि चिखलातून तिला रस्त्यापर्यंत आणलं. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेलं शिकाऊ विमान वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेला अडकलं आणि आतले दोघंही दगावले.

या घटनांतून आपण घेण्यासारखी गोष्ट एकच. छोटं विमान पडलं तरी आतली माणसं पुष्कळदा वाचू शकतात. पण ती वाचतील का, हे पहिल्या पंधरा मिनिटांत ठरतं. त्या पंधरा मिनिटांत तिथे डॉक्टर नसतो, फायर ब्रिगेड नसते. तिथे तुम्ही असता.

इंजिन बंद पडलं म्हणजे काय होतं?

आपल्याला वाटतं, इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं. तसं नसतं. पुण्याजवळ हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. तिथल्या ग्लायडरला इंजिनच नसतं. विंचच्या दोरीनं त्याला वर ओढतात, मग ते पंखांवर तरंगत खाली येतं. कामशेतच्या डोंगरावरून हौसेनं उडी घेणारे पॅराग्लायडरही तसेच वाऱ्यावर उतरतात. सेस्नासारखं विमान इंजिन बंद पडल्यावर हजार फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. तेवढ्या वेळात वैमानिक खाली मोकळं रान शोधतो. पीक निघालेलं, सपाट, तारा नसलेलं. ऊस, द्राक्षबाग, विजेचे खांब तो टाळू पाहतो.

घोटाळा टेकताना होतो. जमीन मऊ असेल, ताजी नांगरट असेल किंवा सरी-वरंबे असतील, तर पुढचं चाक रुततं आणि विमान कोलांटी खातं. मग माणूस पट्ट्यात उलटा लटकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बिघाड कुठे होतो?

सेस्ना १५२ हे दोन माणसांचं विमान. भरलं तर वजन साडेसातशे किलोच्या आसपास, इंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचं. तुमच्या मोठ्या ट्रॅक्टरपेक्षाही हलकं. या जातीचं उत्पादन १९८५ सालीच थांबलं. तरीही ती विमानं उडतात, कारण देखभाल नीट असेल तर वय आड येत नाही. देखभालीत कसूर झाली की मात्र हे बिघाड डोकं वर काढतात.

पहिला बिघाड पेट्रोलचा. टाक्या पंखात असतात. रात्री टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतलं बाष्प गारठून पाणी होतं आणि तळाशी बसतं. तेच पाणी इंजिनात गेलं की इंजिन मरतं. म्हणून उड्डाणाआधी प्रत्येक टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून पाहतात. तुम्ही डिझेलच्या फिल्टरखालचं पाणी सोडता, तसंच हे. पेट्रोल अंदाजावर न ठेवता प्रत्यक्ष मोजून पाहायचं असतं, कारण आकाशात गाडी बाजूला लावता येत नाही.

दुसरा बिघाड कार्बोरेटरमधल्या बर्फाचा. उन्हाळ्यात बर्फ कसा, असं वाटेल. पण कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते आणि तिथलं तापमान एकदम घसरते. हवा दमट असली तर बाहेर २० ते २५ अंश असतानाही आत बर्फ धरतो. पावसाळी ढगाळ हवेत हा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून गरम हवा सोडण्याचा खटका दिलेला असतो. तो वेळेवर ओढावा लागतो.

तिसरा बिघाड ठिणगीचा. या इंजिनाला दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात. एक गेलं तर दुसऱ्यानं काम चालावं म्हणून ही सोय. धावपट्टीवर चढण्याआधी दोन्ही मॅग्नेटो पाळीपाळीनं बंद करून तपासतात.

चौथा बिघाड धातूच्या थकव्याचा. हा समजून घ्यायचा असेल तर पुण्याला आल्यावर कसबा पेठेतल्या तांबट आळीत चक्कर मारा. तांबट तांब्याचा पत्रा हातोडीनं ठोकत राहतो. ठोकता ठोकता पत्रा कडक होतो. आणखी ठोकला तर चिरतो. म्हणून तांबट मध्येच तो भट्टीत लालबुंद तापवतो, पत्रा पुन्हा मऊ होतो, मग मठारकाम पुढे चालतं. विमानाच्या पंख्याला, इंजिनाच्या दांड्याला, रिव्हेटच्या भोकांभोवतीच्या पत्र्याला हादऱ्यांचे असेच लाखो फटके बसतात. पण विमान काही भट्टीत घालता येत नाही. आतल्या आत केसासारखी चीर पडते आणि वाढत जाते. त्यामुळे तिथे भागांचं आयुष्य तासांत मोजतात. इंजिन किती तास फिरलं याची नोंदवही असते. ठरावीक तासांनी तपासणी आणि साधारण दोन हजार तासांनी अशा इंजिनाची पूर्ण उघडजोड करतात.

तिथून जवळच, कुंभारवेशीपलीकडे, जुना बाजार आहे. मोटारीचा, पंपाचा जुना सुटा भाग हवा असेल तर आपण तिथे धुंडाळतो आणि मिळाला की खूश होतो. विमानाला हे चालत नाही. साधा बोल्टसुद्धा कुठून आला, कुणी तपासला, कुणी बसवला याचा कागद लागतो. कागद नसेल तर चांगला बोल्टही वाईटच समजायचा. हे नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचं काम डीजीसीएचं.

आता आपलं काम

विमान खाली येताना दिसलं आणि आवाज येत नसला, तर ते ज्या रेषेत येतंय त्या रेषेतून आडवे बाजूला पळा. समोर पळू नका. हात हलवून वैमानिकाला दिशा दाखवण्याच्या फंदात पडू नका. टेकतानाही त्याचा वेग मोटारसायकलच्या भरधाव वेगाइतका असतो.

विमान थांबल्यावर हे करा :

१) एकानं लगेच ११२ ला फोन लावावा. गाव, वस्ती, जवळचा रस्ता सांगावा. जखमी असेल तर १०८ लाही सांगावं. दुसऱ्या माणसानं रस्त्यावर उभं राहून गाड्यांना वाट दाखवावी.

२) विडी, काडी, चूल, चालू इंजिन काहीही जवळ नको. पंखातून पेट्रोल गळत असतं. गर्दीला निदान शंभर पावलं लांब ठेवा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं करा.

३) पुढच्या पंख्याला हात लावू नका. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. जुनी मोपेड बॅटरीशिवाय पायडल मारून सुरू व्हायची, आठवतं ना? तसंच थांबलेला पंखा हातानं हलला तरी गरम इंजिन एखादा झटका देऊ शकतं. तेवढा झटका हात तोडायला पुरे.

४) आग नसेल आणि आगीचा धोका दिसत नसेल, तर जखमीला ओढून काढू नका. मान-पाठीला मार असू शकतो. डोकं-मान सरळ धरून त्याच्याशी बोलत राहा, धीर द्या. आग लागली असेल किंवा पेट्रोलचा मोठा वास येत असेल, तर मात्र वाट पाहू नका, बाहेर काढा.

५) माणूस उलटा लटकला असेल तर आधी दोघांनी त्याच्या खांद्यांना आणि कंबरेला आधार द्यावा, मग तिसऱ्यानं पट्टा सोडावा किंवा विळ्यानं कापावा. आधार न देता पट्टा सोडला तर तो डोक्यावर आपटतो.

६) पेट्रोलच्या आगीवर पाण्याचा फवारा मारू नका, आग पसरते. सुकी माती टाका, पावडरचा अग्निशामक असेल तर वापरा. पंख पेटले असतील तर मागे हटा.

७) काही नव्या हलक्या विमानांत अख्ख्या विमानाला पेलणारी पॅराशूट असते आणि ती रॉकेटनं सुटते. त्यामुळे आतला कुठलाही लाल दांडा ओढू नका.

माणूस बाहेर निघाल्यावर विमानाचा तुकडाही हलवू नका, आठवण म्हणून घरी नेऊ नका. माणसं-जनावरं सोडवणं, आग विझवणं, धोका दूर करणं एवढ्यापुरताच हात लावायला नियमात मुभा आहे. अपघाताची चौकशी एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास विभाग, करतो. एखादा तुटका बोल्ट किंवा टाकीत उरलेलं पेट्रोल यावरूनच खरं कारण कळतं. तो बोल्ट आपल्या पोराच्या खिशात गेला, तर पुढचं विमान त्याच बिघाडानं पडू शकतं आणि तेही पुन्हा कुणाच्या तरी रानातच.

नुकसानीचं काय?

विमानापेक्षा पिकाचं नुकसान बघ्यांच्या पायांनी जास्त होतं. पोलीस पाटलांनी पहिल्याच तासात दोरी बांधून एकच पायवाट ठेवावी. तलाठी आणि ग्रामसेवकांना बोलवून पंचनामा करून घ्या. त्यात गट नंबर, पीक, पिकाची अवस्था, किती गुंठे मोडलं, ठिबक, पाइपलाइन, विहिरीचं काय नुकसान झालं आणि पेट्रोल-ऑइल कुठे सांडलं हे लिहून घ्या. तारखेसह फोटो काढा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. भरपाईची मागणी विमानाच्या मालक संस्थेकडे लेखी करायची असते. पीक विमा नैसर्गिक आपत्तीसाठी असतो, त्यावर इथे विसंबू नका. आणि ई-पीक पाहणीत सातबाऱ्यावर पीक नोंदवलेलं असेल, तर तुमच्या मागणीला बळ मिळतं. तेलकट झालेली माती बाजूला काढून ठेवा आणि तपासणी होईपर्यंत तिथला चारा जनावरांना घालू नका. या विमानांच्या पेट्रोलमध्ये बहुधा शिशाचा अंश असतो.

ग्रामपंचायतीसाठी

विमानतळाजवळच्या गावांनी तीन गोष्टी कराव्यात. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि घाण टाकायला नियमानं बंदी आहे. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या की घारी जमतात, आणि घार इंजिनावर किंवा काचेवर आदळली तर विमान संकटात येतं. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुराव्यात. ड्रोननं फवारणी करायची असेल तर आधी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपलं रान कोणत्या रंगात आहे ते पाहावं. लाल-पिवळ्या पट्ट्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. आणि विमान प्रशिक्षण संस्थेला पत्र पाठवून त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याला एकदा ग्रामसभेत बोलवावं. कुठलं विमान असतं, दार कसं उघडतं, पट्टा कसा सुटतो, पेट्रोलचा खटका कुठे असतो, हे त्यांनी तासाभरात दाखवावं. संस्थेचा चोवीस तासांचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, ११२ आणि १०८ च्या खाली, मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. ग्रामसभेच्या पुढच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यायला एक ओळ पुरते.