ट्रॅक्टर थांबेल, पण मागची ट्रॉली? ट्रेलर ब्रेक कंट्रोलर कसा जोडतात, समजून घ्या

भंडारा जिल्ह्यातील तुमसर-बपेरा रस्त्यावरचे सिहोरा हे धानाच्या पट्ट्यातले गाव. दिवाळीनंतर मळणी उरकू लागली की या भागातल्या रस्त्यांवर धानाने भरलेल्या ट्रॉल्या धावू लागतात. ४० किलोची १२५ पोती म्हणजे ५ टन. रिकाम्या ट्रॉलीचे दीड टन धरले, तर २ टनांचा ट्रॅक्टर स्वतःच्या तिपटीहून जास्त वजन ओढतो. ओढणे इंजिनाला जमते, खरी अडचण थांबवताना येते.

ब्रेक पुढे, वजन मागे

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या व्याख्येनुसार ट्रॅक्टर म्हणजे स्वतःवर माल वाहण्यासाठी न बनवलेले वाहन. त्यामुळे सगळा माल ट्रॉलीत असतो, आणि साध्या ट्रॉलीच्या चाकांना बहुतेकदा ब्रेकच नसतात. चालक ब्रेक दाबतो तेव्हा ट्रॅक्टर मंदावतो, ट्रॉली मात्र हुकातून त्याला पुढे रेटत राहते. दोन्ही एका रेषेत नसतील तर हा रेटा ट्रॅक्टरची मागची बाजू आडवी ढकलतो आणि जोडी कात्रीसारखी मिटते. वेग ताशी २० वरून ४० किलोमीटर झाला की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

कंट्रोलर नेमके काय करतो?

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात पिकअपमागे घोड्यांची गाडी किंवा फिरते घर ओढताना ट्रेलरच्या चाकांत इलेक्ट्रिक ब्रेक वापरतात. ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्यासोबत ओढला जातो आणि त्याला जोडलेला दांडा ब्रेक शू ड्रमवर दाबतो. वीज किती द्यायची हे चालकाजवळ बसवलेला कंट्रोलर ठरवतो. साधे कंट्रोलर पेडल दाबल्यावर ठरलेल्या गतीने वीज वाढवतात. चांगल्या कंट्रोलरमधला सेन्सर गाडी किती जोरात मंदावते आहे हे ओळखून त्या प्रमाणात वीज सोडतो.

चार वायरी

कंट्रोलरला सहसा चार वायरी असतात. काळी वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून वीज आणते. तिच्या वाटेत, बॅटरीजवळच, सर्किट ब्रेकर लागतो: दोन ब्रेक असतील तर २० अँपिअरचा, चार असतील तर ३० चा. प्रत्येक चुंबक १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणून वायर जाड हवी. पांढरी वायर म्हणजे अर्थिंग. ती बॉडीच्या कुठल्याही नटाला न बांधता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी, कारण गंजलेल्या नटावरच्या अर्थिंगमुळे ब्रेक कधी लागतात, कधी नाही.

लाल वायर ब्रेक लाइटच्या स्विचला जोडतात, आणि नेमकी इथेच चूक होते. स्विचच्या एका बाजूला वीज कायम असते, दुसऱ्या बाजूला फक्त पेडल दाबल्यावर येते. लाल वायर या दुसऱ्या बाजूला हवी. आधी टेस्ट लॅम्प लावून पाहावे, नुसत्या रंगावर विसंबू नये. निळी वायर ७ पिनच्या सॉकेटमधून ट्रेलरच्या चुंबकांपर्यंत जाते.

जोडणीनंतर कंट्रोलर माल भरलेल्या ट्रेलरनिशी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात जुळवावा लागतो. चाके घासटण्याच्या किंचित आधी जोर थांबला पाहिजे. कंट्रोलरवरच्या हातदांड्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागचा भाग हेलकावे खाऊ लागला तर तोच उपयोगी पडतो, कारण मागून ओढ बसली की ट्रेलर सरळ होतो. ट्रेलरवर एक छोटी बॅटरी आणि पिन असलेला स्विचही हवा. हूक तुटला की पिन निघते आणि ब्रेक आपोआप लागतात.

सिहोऱ्याच्या ट्रॉलीला चालेल?

ट्रॅक्टरची बॅटरीही १२ व्होल्टचीच, पण वायरिंग करूनही ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलवर ड्रम नसेल तर कंट्रोलर हुकूम देणार कुणाला? शिवाय सर्रास मिळणारे इलेक्ट्रिक ब्रेक साधारण दीड ते ३ टन भाराच्या अ‍ॅक्सलसाठी असतात. धानाची भरलेली ट्रॉली त्यापलीकडची आहे. तिला ट्रॅक्टरच्या तेलदाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक जास्त योग्य. दुसरा पर्याय रेट्यावर चालणाऱ्या ब्रेकचा: ट्रॉली हुकावर दाबली की तोच दाब तिचे ब्रेक लावतो, त्याला वायर लागत नाही. दोन्हींसाठी ड्रम असलेला अ‍ॅक्सल आधी बसवावा लागेल, आणि खरा खर्च तिथे आहे.

तोवर ७ पिनचे सॉकेट बसवून ट्रॉलीला ब्रेक लाइट, इंडिकेटर देणे हे ऑटो इलेक्ट्रिशियनचे नेहमीचे काम आहे. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करण्याची सवय मात्र महागात पडते, कारण गिअर सुटला की इंजिनाची ओढही जाते.

एक तपासणी तर फुकटात होते. शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. ते जोडणारी खिट्टी शेतात काढली आणि तशीच राहिली, तर रस्त्यावर एकच पेडल दाबले जाऊन ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो, आणि मागून साडेसहा टन रेटत असतात. बांध ओलांडून डांबरी रस्त्यावर येण्याआधी ही खिट्टी बसलेली आहे का, हे उतरून पाहायला लागतात फार तर १० सेकंद.