देवयानी दीर्घिकेची वाट

शाळेत लहान दुर्बीण येते. चंद्रावरची विवरे, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी पाहून होतात आणि मग दुर्बीण कपाटात जाते. ‘बाकी काही सापडतच नाही’ ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकतो. दोष बहुधा दुर्बिणीचा नसतो. चंद्र व ग्रह तेजस्वी असल्याने नुसता नेम धरून सापडतात; अंधूक वस्तूंची मात्र वाट माहीत असावी लागते.

अडचण कोठे येते ते पाहू. समजा, वस्तुभिंगाचे नाभीय अंतर ९०० मिलिमीटर आहे. १० मिलिमीटरच्या साध्या नेत्रिकेने विवर्धन ९० पट होते, पण दिसणारे आकाश जेमतेम अर्धा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढे. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने विवर्धन ३६ पटच होते, परंतु दृष्टिक्षेत्र सव्वा अंशाच्या पुढे जाते. म्हणून शोधताना सर्वांत कमी विवर्धन घ्यावे. वर बसवलेला शोधक दिवसाच, दूरच्या एखाद्या पाण्याच्या टाकीवर रोखून मुख्य दुर्बिणीशी जुळवावा. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही वळवू नये.

आता वाट. डिसेंबरच्या सुरुवातीला, चंद्र नसताना, रात्री आठच्या सुमारास महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्याची पश्चिम बाजू पूर्वा भाद्रपदांची व पूर्व बाजू उत्तरा भाद्रपदांची. ईशान्येच्या कोपऱ्यातील ताऱ्यापासून ईशान्येकडेच निघावे. मधला एक मंद तारा ओलांडल्यावर, सुमारे दीड मुठीवर, मिराक हा ठळक तारा भेटतो. (हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते.) तेथून काटकोनात वायव्येकडे वळावे. सुमारे ४ अंशांवर म्यू आणि आणखी ३ अंशांवर न्यू हा अधिक मंद तारा आहे. न्यूच्या पश्चिमेला सव्वा अंशावर देवयानी दीर्घिका, म्हणजेच एम-३१. शहरात हे दोन तारे डोळ्यांना दिसले नाहीत, तर मिराकपासून पुढचे टप्पे शोधकातून घ्यावेत. बऱ्याच शोधकांत चित्र उलटे दिसते, हे ध्यानात ठेवावे.

पाहण्याआधी पंधरावीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत. टॉर्चला लाल कागद लावावा. थेट रोखून न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी नसतात. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. म्हणून रांग असेल तर दर तीन-चार मुलांनंतर दुर्बीण पुन्हा नेमावी.

दिसतो तो फक्त लांबट, धूसर ढग. छायाचित्रे पाहिलेली मुले हिरमुसतात. त्यांना सांगावे, की याची नोंद अल-सूफीने इ.स. ९६४ च्या सुमारास नुसत्या डोळ्यांनी केली होती. हा ढग आपल्या आकाशगंगेत आहे की बाहेर, हा वाद १९२३ पर्यंत चालू होता. त्या वर्षी हबल यांना माउंट विल्सनच्या अडीच मीटर दुर्बिणीने त्यात एक सेफीड रूपविकारी तारा सापडला आणि त्यावरून तो फार दूर, आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे ठरले. आज हे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

एवढा जुना प्रकाश मुलांच्या डोळ्यांत पोहोचणार आहे. तेव्हा दीर्घिका शोधून देऊ नये. वाट सांगावी आणि दुर्बीण त्यांच्या हाती द्यावी.